पूजेतला शिकंजा

घट बसले की आमच्या गल्लीला डिझेलचा वास सुटतो. पूर्वी तो रॉकेलचा असायचा. उचगावच्या या भागात घरटी एक तरी माणूस उद्यमनगरात कामाला जाणारा. कोणी टर्नर, कोणी फिटर, कोणी भट्टीवर. वर्षभर काळी पडलेली हत्यारं नवरात्रात परातीत भिजतात, कुंच्यानं घासली जातात आणि खंडेनवमीला पाटावर मांडली जातात. पान्हे, छिन्न्या, कानशी, हातोडे. त्यांवर हळद-कुंकू, वर झेंडू. दसरा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. बाहेर पाऊस सरलेला असतो, सोयाबीनच्या मळणीची धूळ उंबऱ्यापर्यंत येते. ऊस डोक्याच्या वर गेलेला, कारखान्यांची धुराडी अजून थंड. पण ट्रॉल्या रंगवायला निघालेल्या असतात आणि ऊस आवळायचे वायररोप ग्रीस लावून अंगणाअंगणात उन्हाला टाकलेले असतात.

हा हंगाम सगळ्यांना आवडतो. मला तीस-एक वर्षं आवडत नाही. डिझेल आणि झेंडू यांचा वास एकत्र आला की माझ्या कानात दोर तुटल्याचा आवाज होतो. त्या आवाजाबद्दल मी आजवर खोटं बोलत आलो. एकदा बोललो आणि मग गप्प बसलो. गप्प बसणं हेही रोजच्या रोज खोटं बोलणंच असतं, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. आता त्र्याहत्तर सरेल. घरचे म्हणतात, या वयात कशाला हे उकरून काढायचं? मी म्हणतो, याच वयात. पुढच्या वयाची मला खात्री नाही. आणि गल्लीत माझी काय पत राहील याची काळजी करणाऱ्यांना सांगतो, ती पतच मुळात दुसऱ्याची होती.

निमित्त माझ्या नातीचं झालं. यंदा घट बसल्यावर दोन-तीन दिवसांनी मी अंगणात हत्यारं घासत बसलो होतो. सानिका, आठ वर्षांची, शेजारी उकिडवी बसून एकेका हत्याराचं नाव विचारत होती. तिनं एक लांबडा रॉड उचलला, तशी माझी बायको सुमन पुढच्या सोप्यातून ओरडली.

"ठेव ते! पूजंचं हत्यार हाय."

"आत्ता कुठं पूजा हाय, आज्जी?"

"असंना. सवय लागती. त्या खालच्या अंगाच्या दिनकरभावजींचा हात बघितलास न्हवं? खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचलाय निघालं हुतं. आज्जोबा नको नको म्हणत हुतं. ऐकलं न्हाय. दोन बोटं गेली."

सानिका विचारात पडली. "मग त्यांनी उचललं?"

"न्हाय गं. उचलायच्या आदीच झालं ते."

"उचललंच न्हाय, तर मग देव कशाला चिडला?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. तीस वर्षांत एवढ्या मोठमोठ्या माणसांनी ही गोष्ट ऐकली, पण हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता, की सुचू द्यायचा नव्हता, कोण जाणे. मी कुंचा खाली ठेवला.

"खोटं हाय ते," मी म्हणालो.

"काय खोटं?" सुमन दारात आली.

"सगळं."

सानिकाच्या हातातला तो रॉड म्हणजे स्प्रिंग दाबायच्या शिकंज्याचा अर्धा भाग. हातभर लांबीचे दोन रॉड, त्यांवर टोकापर्यंत आटे, आणि प्रत्येकाला दोन आकडे. मोटारीच्या पुढच्या चाकामागं, धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या अंगावर जी जाड स्प्रिंग असते, ती ताणात बसवलेली असते. तिच्या डोक्यावरचा नट नुसताच सोडला तर माणसाला जायबंदी करील इतका जोर त्या वेटोळ्यात असतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी आकडे अडकवायचे, आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. स्प्रिंग मुकाट लहान होते. मग नट सोडायचा.

हा शिकंजा दिनकरनं केला. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आमची दोघांची लेथ शेजारी शेजारी होती. मी काम करायचो, तो घडवायचा. आटे पाडताना तो मशिनीकडं कमी पाहायचा आणि ऐकायचा जास्त. पाडून झाले की अंगठ्याचं नख आट्यांवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. कुठं नख अडलं तर रॉड पुन्हा लेथवर बांधायचा. शिकंज्याचा नट तुम्ही वर ठेवून बोटानं टिचकी मारली तर आजही स्वतःच्या वजनानं गरगरत खाली येतो. तीस वर्षांत त्याचा एक आटा झिजलेला नाही. वर्षातून एकदा कुंकू लावण्यापलीकडं तो कोणी वापरलाच नाही.

दिनकर आमच्याच गल्लीचा, पण खालच्या टोकाचा, बौद्ध वस्तीतला. आम्ही रविवारी माझ्या अंगणात मोटारी दुरुस्त करायचो. चहा माझ्या घरचा. त्याचा कप वेगळा नाही, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो. इतक्या वर्षांत तो कधी सोप्याच्या आत आला नाही, हे सांगत नव्हतो. तो पायरीवर बसायचा, मी त्याच्या शेजारी बसायचो, आणि मला वाटायचं की झालं.

त्या साली मी जुनी मोटार घेतली होती. छोटी, पांढरी. सुमन माहेरी गडहिंग्लजला गेलेली. दसऱ्याला तिला आणायला स्वतःच्या गाडीतनं येतो, असा मी सासऱ्यांना निरोप धाडला होता. एसटीनं गेलो असतो तरी सासऱ्यांनी मला हाकललं नसतं. पण मला त्यांच्या दारात हॉर्न वाजवायचा होता. गाडीचा पुढचा भाग मात्र पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी पार बसला होता. जराशा खड्ड्यात चाक गेलं की आतून लोखंडावर लोखंड आपटायचं. नवीन स्प्रिंगा, नवीन शॉकअप आणून ठेवले होते. ते बसवायला वेळ मिळाला तो खंडेनवमीच्या दुपारी.

गाडी जॅकवर घेतली आणि दिनकर म्हणाला, "शिकंजा आण."

"पूजेत हाय."

"मग उचल की. माजंच पोरगं हाय ते, रागावतंय व्हय?"

"आई न्हाय म्हणतीया."

"मग परवा करू."

"उद्या सकाळी गडिंग्लजला जायाचंय, दिनकर."

"जा की एसटीनं. मलाबी उद्या विहारात जायाचंय. पांढरी कापडं इस्त्री करून खुंटीला लावल्यात. आज त्येल लागलं अंगाला तर बायको उंबरा वलांडू द्यायची न्हाय."

तो हसत होता. मी शेजारच्या ट्रॉलीवरचा वायररोप काढून आणला. रोप जुना होता. त्याच्या तारा ठिकठिकाणी सुटून काट्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. दिनकरनं त्यावरून तळवा फिरवला आणि झटकन मागं घेतला.

"ह्येला काटं फुटल्यात, शंकऱ्या."

"धरतंय की. पाच टन ऊस धरतोय, एक स्प्रिंग धरायची न्हाय?"

गाडी परत खाली घेऊन, तिचं वजन स्प्रिंगवर असतानाच मी वेटोळ्यांतून रोपाचे विळखे घातले, क्लॅम्पनं आवळले, मग गाडी उचलून अख्खा शॉकअप बाहेर काढला. उजवी बाजू सुरळीत झाली. तेवढ्यावर माझी छाती फुगली. डाव्या बाजूला मीच रोप बांधला, मीच क्लॅम्प आवळला, आणि नट सोडायला दिनकर बसला. त्याचा हात हलका म्हणून.

दोर तुटला. स्प्रिंग अंगणाच्या भिंतीवर आपटून रस्त्यावर गेली आणि तिथं गोल गोल फिरत राहिली. मी तिच्याकडंच पाहत होतो. दिनकरकडं पाहायचं धाडस झालं नाही म्हणून. उजव्या हाताची दोन बोटं जागच्या जागी गेली, मनगट कायमचं वाकडं झालं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्याचे पांढरे कपडे खुंटीलाच राहिले.

दवाखान्यात आमचे शेडमालक आले. जिन्यात त्यांनी मला विचारलं, "दोर कुणी बांधला?"

मी म्हणालो, "त्यानंच."

एकच शब्द. मला तयारीही करावी लागली नाही. लोकांना त्यावर विश्वास ठेवायला जड गेलं नाही, कारण तो खालच्या टोकाचा होता आणि मी वरच्या. पुढचं गल्लीनं आपणहून जोडलं. तो पूजेतलं हत्यार उचलायला निघाला होता, शंकरनं अडवलं, म्हणून रागानं दोर बांधला, मग देवीनं दाखवलं. हे माझ्यासमोर पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं तेव्हा मी मान हलवली. होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती. नुसती हलवली. तेवढ्यावर तीस वर्षं निभावली.

हात भरून आल्यावर दिनकरनं मालकांकडं हत्यारांच्या खोलीवर तरी काम मागितलं. उरलेल्या तीन बोटांनी तो ते उत्तम करू शकला असता. मालक म्हणाले, असल्या निष्काळजी माणसाला मशिनीजवळ ठेवत नाही. बोटं दोरानं घेतली. काम माझ्या शब्दानं घेतलं.

तोवर उसाचा हंगाम भरात आला होता. चौकातल्या चहाच्या गाडीसमोरून ट्रॉल्या करकरत जायच्या, रस्ता चिपाडांनी आणि गोड वासानं भरलेला. दिनकर तिथं आला. हात गळ्यात बांधलेला. पाच-सात माणसं होती.

"शंकर," तो म्हणाला. शंकऱ्या नाही म्हणाला. "ह्यास्नी सांग. दोर कुणी आणला?"

मी कपातल्या चहाकडं पाहिलं. मग जाणाऱ्या ट्रॉलीकडं पाहिलं. तिच्यावरचा ऊस मोजत बसल्यासारखा पाहत राहिलो. कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे दिनकर, देवीसंगं कशाला वाकडं घेतोस?" दिनकरनं अर्धा कप फळीवर ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. एकाच गल्लीत तीस वर्षं न बोलता राहणं ही सोपी गोष्ट नाही. त्याला रोज मला ओलांडून जावं लागायचं. तो मान वर करून जायचा. खाली मी घालायचो.

आता काही जण म्हणतील, त्या काळी सगळंच तसं होतं. नव्हतं. तो काळ काही माझ्या जागी जिन्यात उभा नव्हता. मी होतो. शिकलेला होतो, रोज पेपर वाचायचो, जयंतीच्या मिरवणुकीला पाणी वाटायला उभा राहायचो. काळावर ढकलायची सोय मला नको आहे.

यंदाच्या पावसानं रस्ते पुन्हा खाल्ले. माझा मुलगा सुहास, त्याची गाडी पुढून तश्शीच बसली. वळणावर डुलायला लागली, खड्ड्यात तोच आवाज. तो म्हणाला, "आबा, गॅरेजला टाकतो."

"टाकू नको. स्प्रिंगा अन् शॉकअप घेऊन ये. नवमीला अंगणात करू."

"नवमीला? हत्यारं पूजेत असत्यात की."

"म्हणूनच."

सुमननं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तीस वर्षं तिनं ती गोष्ट सुनेला, भाच्यांना, नातीला सांगितली होती. माझ्या खोट्याला तिचं तोंड लागलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हंजे मी बी त्या माणसाला रोज मारत हुतो म्हणा की." मी तिला ते खोडून काढायला गेलो नाही.

मी खालच्या टोकाला गेलो. दिनकरचं पंक्चरचं दुकान आहे. तो घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. डाव्या हातानं. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"काय पावणं, वाट चुकलासा?"

दोनशे पावलांवर राहणाऱ्याला पावणं. मी ते गिळलं.

"दिनकर, दोर मी आणला हुता. मीच बांधला हुता."

"ते मला म्हाईत हाय. मी तितंच हुतो की."

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपेग? ज्यांस्नी म्हाईत न्हाय त्यांस्नी सांग." त्यानं ट्यूब पिळून पाणी झटकलं. "आन् नुसतं तोंडानं नको. तोंडानं तू लई बोलतोस. लिहून काढ. म्हंजे उद्या मान हलवायला जागा राह्यची न्हाय."

मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, "त्यो शिकंजा हाय का मोडीत घातलास?"

"हाय. दर साली पूजेला असतोय."

"मी केला, तू पूजलास. बरं जमवलंस."

खंडेनवमीला अंगणात गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकं काढलेली. नवमीच्या दिवशी कोणी असं काम काढत नाही, म्हणून गल्ली फाटकाशी जमलीच. त्या चहाच्या गाडीवरच्यांपैकी दोघं अजून आहेत. तेही आले. दिनकर आला आणि पायरीशी थांबला. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं. दोर कोणाचा, गाठ कोणाची, जिन्यात मी काय बोललो. एक जण पुटपुटला, "आज नवमीचं कशाला हे, आबा?" मी म्हणालो, "नवमीलाच झालंय, नवमीलाच सांगणार. ऐकायचं नसंल तर फाटक उघडंच हाय." कोणी हललं नाही.

"आता आत ये दिनकर," मी म्हणालो, "शिकंजा उचल."

तो हलला नाही. "तुज्या आईनं न्हाय म्हटलं हुतं न्हवं? म्हातारी गेली म्हणून काय झालं. तिचा शबूद हाय."

इथं मला थांबता आलं असतं. बाकीचं सगळं सांगून झालं होतं, आणि हे एकच असं होतं जे दिनकरलाही माहीत नव्हतं. माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या आड मी आणखी निवांत राहिलो असतो.

"आई न्हाय म्हणाली नव्हती," मी म्हणालो. "तिनं चुलीपासनं ऐकलं आन् मी दारात गेलो तवा हळूच म्हणाली, ने की बाबा, कुंकू पुसून ने, हत्यार कामालाच असतंय. तू चपला काढून पायरीवर पाय ठेवलास. म्हणालास, मीच आणतो. तवा मी आडवा झालो. आईचं नाव घेतलं. तू आमच्या देवापाशी जाणार म्हणून. दुसरं कायबी कारण नव्हतं."

दिनकरनं त्या पायरीकडं पाहिलं.

"म्हातारीला मी तीस वरसं शिव्या घातल्या," तो म्हणाला. "ती गेली तवा मातीला आलो न्हाय."

मग तो माझ्याकडं वळला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणूनच त्यानं मारलं नसावं.

"सरक," तो म्हणाला.

त्यानं चपला काढल्या आणि सोपा ओलांडून आत गेला. माजघरात देवापाशी पाट होता. डाव्या हातानं त्यानं आधी एक रॉड उचलला, मग दुसरा. झेंडू उचलून बाजूला ठेवला, फेकला नाही. कुंकू पँटीला पुसलं. बाहेर येताना अंगठ्याचं नख आट्यांवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

काम आम्ही दोघांनीच केलं. आकडे त्यानं अडकवले, नट मी फिरवले. अर्धा फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं. "घाई करू नगंस. गडिंग्लजला जायाचं न्हाय आज," तो म्हणाला, आणि फाटकातली माणसं हसली. मीही. स्प्रिंग दबली, नट सुटला, आणि काहीही झालं नाही. जुना शॉकअप हातात आला. नुसत्या कुंकवाचा धनी झालेला तो शिकंजा तीस वर्षांत पहिल्यांदा कामाला आला होता, आणि कोणावर आभाळ कोसळलं नव्हतं. सानिका सुमनला म्हणाली, "आज्जी, बघ, चिडला न्हाय." सुमननं पदर तोंडाला लावला.

गाडी खाली घेतल्यावर दिनकरनं शिकंजा फडक्यात गुंडाळला आणि काखेत मारला.

"ह्यो मी न्हेतो."

"भावजी," सुमन म्हणाली, "उद्या दसरा. पूजा मोडती."

"वैनी, मी पुजायला न्हेत न्हाय. वापरायला न्हेतोय."

पाटावर हळदीकुंकवात दोन रॉडांच्या जागा कोऱ्या उरल्या. सानिकानं तिथं पान्हा ठेवू का विचारलं. मी नको म्हणालो. पुढच्या वर्षीही ती जागा मोकळी ठेवायची.

लिहून द्यायचं राहिलं होतं, ते हे. काल संध्याकाळी इथवरचं वाचून दाखवायला मी पंक्चरच्या दुकानात गेलो. रस्त्यावरनं हंगामाची पहिली ट्रॉली चालली होती. शिकंजा भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, तेल लावलेला. दिनकरनं ट्यूब बाजूला ठेवली, हात पुसले आणि स्टुलावर बसून सगळं ऐकलं.

संपल्यावर म्हणाला, "दोन ठिकाणी खोटं हाय."

"कुठं?"

"तू लिवलंयस, दोर तुटला. वरबी एकदा लिवलंयस, दोर तुटल्याचा आवाज. दोर तुटला न्हाय, शंकऱ्या. तू तुटकाच आणलास. मी काटं दावलं हुतं."

तीस वर्षांनी त्यानं मला शंकऱ्या म्हटलं, ते हे सांगायला. मी पेन काढलं, वरच्या ओळी खोडायला. त्यानं कागदावर हात ठेवला. तीन बोटांचा.

"खोडू नको. ऱ्हाऊ दे. लोकांस्नी दिसू दे, अजून कसं निसटतोस ते. खाली लिव."

म्हणून खाली लिहितो. दोर तुटला नाही. मी तुटका दोर आणला. तो तुटका आहे हे मला सांगितलं होतं.